स्पर्धक जिउ-जित्सू प्रशिक्षक होताना

ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरील पकडींच्या कुस्तीप्रकारातील विजेत्याने प्रशिक्षक होण्याआधी आपल्या डावांची छाननी करावी. जे डाव केवळ अंगच्या ताकदीवर किंवा लांब हातापायांवर साधले, ते शिकवण्याच्या कामाचे नसतात. ब्राझीलचे खेळाडू मार्सेलो गार्सिया यांनी ७७ किलो गटात २००३, २००५, २००७ आणि २०११ साली एडीसीसी ही पकडींच्या कुस्तीची मानाची जागतिक स्पर्धा जिंकली, तरी त्यांनी शिकवण्यासाठी स्पर्धा सोडण्याची वाट पाहिली नाही. न्यूयॉर्कमधील अकादमी त्यांनी २००९ सालीच सुरू केली. जमल्यास हाच क्रम ठेवावा, कारण शिष्यांशी रोज झटापट करणाऱ्याच्या सूचना ताज्या राहतात.

डाव तुकड्यांत शिकवावा. गार्सिया यांनी लोकप्रिय केलेल्या ‘एक्स गार्ड’ या डावामध्ये उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याचा एक पाय खांद्यावर घ्यायचा असतो आणि दुसऱ्या पायाला आपले दोन्ही पाय फुलीसारखे अडकवायचे असतात. सुरुवातीला शिष्याला पाडापाडी करू देऊ नये; समोरच्याने हलका विरोध करावा आणि शिष्याने फक्त त्याचा तोल हलता ठेवावा. पदके जिंकलेल्यांना हा संथपणा फार जड जातो, पण नवशिक्याला खांद्याची जागा सापडेपर्यंत पुढचा तुकडा सांगू नये.