पोस्टफिक्स सोर्सवरून बांधताना 'डीबी डॉट एच' सापडत नाही: माझा उपाय

डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स हा ईमेल सर्व्हर बांधायला 'मेक' (सोर्सवरून प्रोग्रॅम बांधणारी कमांड) दिलं की लगेच थांबायचं: 'डीबी डॉट एच' ही हेडर फाइल नाही. लिबडीबी ५.३ (बर्कली डीबी या डेटाबेसची लायब्ररी) तर मशीनवर होतंच! ते पुन्हा टाकलं, सोर्स नव्याने उतरवला, उपयोग शून्य. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, फार वैताग आला.

लिबडीबी ५.३ चं पॅकेज फक्त तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरतं. हेडर फाइल येते 'लिबडीबी-डेव्ह'मधून. आधी 'ॲप्ट'ने (डेबियनची पॅकेज टाकायची कमांड) ते टाकलं. मग सोर्सच्या फोल्डरमध्ये 'मेक टायडी' (अर्धवट बांधणीच्या फाइली उरल्या असतील तर हे हवंच), 'मेक मेकफाइल्स', 'मेक'. 'पोस्टफिक्स' यूजर आणि 'पोस्टड्रॉप' ग्रुप तयार केला, त्यानंतरच रूट होऊन 'मेक इन्स्टॉल'. आधीचं पोस्टफिक्स असेल तर त्याऐवजी 'मेक अपग्रेड'. शेवटी 'पोस्टकॉन्फ -एम' दिलं; पोस्टफिक्सला कोणत्या प्रकारची टेबलं वाचता येतात ते ही कमांड दाखवते. यादीत 'हॅश' आणि 'बीट्री' हे बर्कली डीबीचे दोन्ही प्रकार दिसले.