वायफायची रेंज फुल, तरी कॉल अडकतो? या चुका टाळा

मोबाइलवर वायफायची रेंज फुल आणि व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा मात्र गोठलेला. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात. चॅनल (राउटर ज्या ठरावीक लहरींवर बोलतो तो क्रमांक) ऑटोवर असेल तर तो नव्याने निवडला जातो, त्यामुळे थोडा वेळ बरं वाटतं. दोन दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

रेंज म्हणजे राउटरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा येतो, एवढंच. बोलायची पाळी कधी मिळते, ते त्यात दिसत नाही. वायफायमध्ये प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं आणि हवा मोकळी असेल तरच पाठवतं. शेजाऱ्यांचे राउटर त्याच चॅनलवर असतील तर तेही आपल्याच रांगेत.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मधला ‘मोकळा’ चॅनल निवडणं. मीही ती केली आहे. आजूबाजूचे वायफाय दाखवणाऱ्या ॲनालायझर ॲपमध्ये १ आणि ६ या चॅनलवर गर्दी दिसली, म्हणून मोठ्या हुशारीने ३ निवडला आणि कॉल आणखी तुटायला लागले. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यात, चॅनल ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण सिग्नल पसरतो सुमारे २० मेगाहर्ट्झवर. म्हणजे ३ वर बसलं की १ आणि ६ दोन्हींवर पाय पडतो. वर पंचाईत अशी, की त्याच चॅनलवरचा सिग्नल ओळखू येतो, त्यामुळे तो उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) इतका क्षीण असला तरी उपकरण थांबतं. बाजूच्या चॅनलचं बोलणं मात्र नुसता गोंगाट वाटतं आणि तो साधारण उणे ६२ च्या वर गेल्याशिवाय कुणी थांबत नाही. दोघंही एकदम बोलतात, पॅकेट (माहितीचा तुकडा) खराब होतं, पुन्हा पाठवावं लागतं. तेव्हा गर्दी असली तरी १, ६ किंवा ११ च घ्या. रांग लागेल, पण ढकलाढकली होणार नाही. आणि या बँडमध्ये ४० मेगाहर्ट्झची रुंदी ठेवू नका, ती अर्ध्याहून जास्त जागा खाते.

राउटरची पॉवर फुल करून उपयोग नाही. त्याचं ओरडणं फोनला ऐकू येतं, पण फोनचा बारीक आवाज राउटरपर्यंत पोहोचायला हवा ना!

संथ उपकरणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. १५०० बाइटचं पॅकेट ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत जातं, १ एमबीपीएसने त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात. कोपऱ्यातला एखादा जुना प्रिंटर तेवढा वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवतो. राउटरमध्ये सोय असेल तर ८०२.११बी या वायफायच्या जुन्या प्रकाराचे वेग बंद करा आणि लॅपटॉप, फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. राउटरला खेटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क ठेवली असेल तर ती लांब सरकवा, तिचा गोंगाट थेट २.४ मध्येच येतो.

राउटरच्या सेटिंगमधलं डब्ल्यूएमएम ‘नको ती भानगड’ म्हणून बंद करणारेही भेटतात. आवाज आणि व्हिडिओला पुढची पाळी देणारी सोय तीच, आणि ती बंद केली की बऱ्याच राउटरांवर वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो.

एवढं करूनही कॉल अडकत असेल तर हवेला दोष देण्याआधी एक चाचणी करा. एखादी मोठी फाइल अपलोडला लावा आणि दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) एकदम चालवा, एक राउटरच्या पत्त्यावर, दुसरा बाहेरच्या सर्व्हरवर. राउटरचा पिंग वर-खाली उड्या मारत असेल तर गडबड वायफायचीच. तो ३-४ मिलिसेकंदांवर शांत आणि बाहेरचा मात्र ५००च्या घरात गेला, तर पॅकेट पुढच्या इंटरनेट लाइनच्या बफरमध्ये, म्हणजे पाठवण्याआधीच्या रांगेत, तुंबत आहेत. मग चॅनल कितीही बदला, फरक पडायचा नाही. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करून अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्यानंतर स्पीड टेस्टचा आकडा थोडा कमी दिसेल. तो बघून मर्यादा पुन्हा वाढवू नका.