अमेरिकन बॉक्सिंगची नाडी कशी पाहावी

"मामा, अमेरिकेचं बॉक्सिंग संपलं ना?" भाचा दर मोठ्या लढतीनंतर हे विचारतो. त्याच्या डोक्यात फक्त हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगट असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या टायसन फ्यूरीने अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरला सातव्या राउंडमध्ये थांबवलं, आणि तेव्हापासून हेवीवेटचा एकही मानाचा पट्टा (विजेतेपद) अमेरिकन पुरुषाकडे गेलेला नाही. पुरुषाकडे म्हटलं, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला, आपल्याच गावात, क्लॅरेसा शील्ड्स हेवीवेटची निर्विवाद विजेती झाली. हे भाच्याच्या गावीही नव्हतं.

तर दुसऱ्याचं ऐकून मत बनवू नका, स्वतः तपासा. एक वही घ्या, पेन्सिल घ्या (पेन नको, कारण पुढे येईल) आणि टीव्हीचा आवाज बंद करा. समालोचक ज्याचं नाव जास्त घेतात तोच जिंकतोय असं वाटायला लागतं. पानावर दोन रकाने आखा, बारा ओळी. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. खाली पडला तर ८. ठोसा किती जोरात होता यापेक्षा तो लागला का, हे बघा. हातमोज्यांवर आदळलेले दहा ठोसे प्रेक्षकांना उठवतात, गुण मात्र हनुवटीवर लागलेल्या साध्या जॅबचे, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचे.

१ मार्च २०२५ चं पान माझ्या वहीत खाडाखोडीने भरलंय. ब्रुकलिन, जर्व्हांटा डेव्हिस विरुद्ध लमॉन्ट रोच. नवव्या राउंडमध्ये रोचचा जॅब आला आणि डेव्हिस मागे सरून आपणहून गुडघ्यावर बसला. मग उठून कोपऱ्यात गेला, टॉवेलने तोंड पुसून घेतलं. नियमाने हा नॉकडाउन, म्हणजे खाली पडल्यासारखंच. मी पेनाने ठसठशीत ८ लिहिला. रेफरीने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली; नॉकडाउन धरलाच नाही. डोळ्यात केसांचं तेलकट काहीतरी गेलं, असं डेव्हिस नंतर म्हणाला. दोन परीक्षकांचे आकडे ११४-११४, तिसऱ्याचे ११५-११३ डेव्हिसकडे, लढत बरोबरीत. तो एक गुडघा मोजला असता तर रोच जिंकला होता. असं एक पान स्वतः भरल्याशिवाय 'निकाल चोरला' हे शब्द वापरायचे नाहीत, हा आमच्या घरातला नियम.

आता पट्टे. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, सतरा वजनगट, आणि वर डब्ल्यूबीएचे 'सुपर' (मुख्य) आणि 'रेग्युलर' (दुय्यम) असे जोडपट्टे. २०२१ मध्ये ट्रेव्हर ब्रायन हा अमेरिकन हेवीवेटचा 'रेग्युलर' विजेता झाला, तेव्हा 'सुपर' पट्टा अँथनी जोशुआकडे होता. प्रत्येक पट्ट्याच्या लढतीमागे संघटना मानधनातून साधारण तीन टक्के फी घेते, तेव्हा पट्टे कमी कशाला करतील? वहीत पट्ट्याचा रकाना ठेवूच नका. त्याऐवजी लिहा: समोरचा कोण होता, आणि त्या वेळी त्याला हरवणं अवघड होतं का. ३०-० असा विक्रम दिसला की ते तीस जण कोण, हे आधी उघडून बघा. निम्मे हरायलाच आणलेले निघतात.

दुसरी सवय: कार्ड, म्हणजे त्या रात्रीच्या सगळ्या लढती, सुरुवातीपासून बघा. फडात शेवटच्या कुस्तीला गर्दी होते, पण तालमीत पोरं किती येतात ते रेवडीच्या कुस्त्यांत कळतं. इथेही तसंच. १३ सप्टेंबर २०२५ ला लास व्हेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर लोक होते. ओमाहाच्या टेरेन्स क्रॉफर्डने दोन वजनगट वर चढून कनेलो अल्वारेझला गुणांवर हरवलं, तेही नेटफ्लिक्सवर, वेगळे पैसे न मागता. २०१५ मध्ये मेवेदर-पॅकियाओ बघायला अमेरिकन घरांनी शंभर डॉलरच्या आसपास मोजले होते. म्हणजे शिखर चकचकीत आहे. पण एचबीओ या टीव्ही वाहिनीने २०१८ च्या अखेरीस बॉक्सिंग सोडलं, शोटाइम वाहिनीने २०२३ मध्ये. ज्या लहान कार्यक्रमांत विशीतला पोरगा आठ राउंडची लढत खेळून तयार व्हायचा, त्यांची जागा आटली. मोठी रात्र सौदी पैशाने उभी राहते. फिलाडेल्फियातल्या पोराची सातवी-आठवी लढत कोण उभी करणार? मला खरी काळजी तिथली वाटते.

माणसांची वानवा नाही. फिलाडेल्फियाचा जॅरन एनिस, सॅन अँटोनियोचा जेसी रॉड्रिगेझ, फिनिक्सचा डेव्हिड बेनाविडेझ या तिघांचे कुठलेही दोन राउंड बघा. रॉड्रिगेझच्या फक्त पायांकडे बघा. ठोसा मारून तो जिथे होता तिथे कधीच थांबत नाही. लढतीच्या आदल्या दिवशीची वजनाची बातमीही चुकवू नका. जून २०२५ मध्ये कीशॉन डेव्हिस आपल्याच नॉरफोक शहरात चार पौंडांहून जास्त भरला. पट्टा वजनकाट्यावर गेला, लढतही रद्द झाली.

पुढचं जाणून घ्यायचं तर कायद्यावर डोळा ठेवा, कंटाळवाणं असलं तरी. २००० सालचा मुहम्मद अली कायदा प्रमोटर आणि मॅनेजर यांना वेगळं ठेवतो आणि प्रमोटरला मिळकत खेळाडूपुढे उघड करायला लावतो. २०२५ मध्ये त्यात बदल सुचवणारं विधेयक अमेरिकेच्या संसदेत आलं: एकाच संस्थेला करार, क्रमवारी आणि पट्टा तिन्ही हाती ठेवता यावेत. यूएफसी ही मिश्र मार्शल आर्ट्सची संस्था चालवणारी टीकेओ कंपनी याच्या बाजूने आहे. प्रेक्षक म्हणून मला एकच विजेता आवडेल. खेळाडू असतो तर सही करण्याआधी वकील गाठला असता.

शेवटचा रकाना हौशी बॉक्सिंगचा. अमेरिकन पुरुषाचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण २००४ चं, अथेन्समध्ये आंद्रे वॉर्डचं. पॅरिसला २०२४ मध्ये अख्ख्या संघाला मिळून एक कांस्य, ओमारी जोन्सचं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग आहे. पहिल्या फेरीपासून बसा आणि हरणाऱ्यांचीही नावं लिहा. माझ्या २०१६ च्या रिओच्या पानावर एक ओळ आहे: "शकूर स्टीव्हन्सन, नेवार्क, १९ वर्षं, डावखुरा. फायनल हरला, खूप रडला." पुढे त्या पोराने चार वजनगटांत पट्टे घेतले. त्या ओळीपुढे मी तेव्हा प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते अजून खोडलेलं नाही.