दुरुस्त करू की नवा घेऊ? फैजपूरच्या दुकानातून सांगतो

मे महिन्यात वादळ झालं की यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या होतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात कॉम्प्युटर यायला लागतात. मोटरसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेले. मागच्या उन्हाळ्यात असाच एक केळीवाला आला. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हाई फेकी देऊ का आते?" आधी तो दुसरीकडे जाऊन आला होता. तिथे डबा न उघडताच त्याला सांगितलं होतं, बोर्ड (आतली मुख्य पाटी, जिला सगळे भाग जोडलेले असतात) गेला, नवीनच घ्या. आत सहा वर्षांचा केळी कापणीचा हिशोब होता, कोणाला किती क्विंटल दिली, काय भाव लागला, आणि वारलेल्या आईचे फोटो.

मी बाजूचा पत्रा काढला. बोर्ड स्वच्छ होता. जळका वास येत होता तो मागच्या एसएमपीएसमधून, म्हणजे ज्या डब्यात लाईटची वायर घुसते तिथून. तो उघडला तर फ्यूज काळा पडलेला आणि दोन्ही मोठे कपॅसिटर फुटून त्यांचं पाणी सांडलेलं. वादळात डीपीवरची, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रल वायर तुटली की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तो मार त्या डब्याने स्वतः खाल्ला होता. हजाराच्या आत-बाहेर किमतीचा नवा एसएमपीएस बसवला आणि अर्ध्या तासात हिशोबाची फाइल उघडली.

बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून कळकळीने सांगतो: "कॉम्प्युटर गेला" असं काही नसतं. त्यातला एक भाग जातो. कोणता गेला हे कळल्याशिवाय दुरुस्ती की नवा, हा प्रश्न विचारायचाच नाही.

पण त्याच्याही आधी डेटा. जळका वास आला, पाणी सांडलं किंवा हार्ड डिस्कमधून टक-टक असा ठराविक आवाज यायला लागला, तर "एकदा चालू करून बघतो" असं करू नका. प्लग काढा. टक-टक करणारी डिस्क जितकी फिरवाल तितकं आतलं जास्त खराब होतं. दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: फॉरमॅट करू नका, आधी माझा डेटा काढून द्या. बोर्ड मेला असला तरी डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की फाइली दिसतात. अपवाद एकच, काही मशीनमध्ये डिस्कला बिटलॉकर नावाचं विंडोजचं कुलूप असतं. तिथे ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, म्हणून खात्याचा पासवर्ड वहीत लिहिलेला असू द्या.

आता घरी बघण्यासारख्या गोष्टी. लाइटच लागत नसेल तर आधी प्लग भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा, दुसऱ्या कॉम्प्युटरची किंवा मॉनिटरची पॉवर केबल लावून बघा, मागचा छोटा स्विच बघा. घर झाडताना तो कोणीतरी बंद केलेला असतो, असं महिन्यातून एकदा तरी निघतं. पंखा फिरतो पण स्क्रीनवर काहीच येत नसेल तर रॅम बघा, म्हणजे बोर्डात खोचलेली मेमरीची पट्टी. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी दात पोरांच्या साध्या खोडरबरने हलके पुसा आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात नो डिस्प्लेची कितीतरी मशीन एवढ्यानेच उठतात. तारीख सारखी मागे जात असेल आणि प्रत्येक वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणत असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपला. त्याचं नाव सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

दहा-पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद होत असेल, तर आपल्या उन्हाची आठवण ठेवा. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, थंड हवा मिळायची कुठून? वरून कापसाचे तंतू, पिठाच्या गिरणीची धूळ, जाळीवर पोळीसारखा थर. तो साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली की मशीन ताळ्यावर येतं. आणि विजा चमकल्यावर फक्त इंटरनेट बंद झालं असेल तर केबलवाटे आलेल्या झटक्याने लॅनचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटची केबल खोचायची जागा, गेलेला असतो. यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल घ्या, त्यासाठी बोर्ड बदलायची काही गरज नाही.

मशीन फक्त संथ झालं असेल तर ते बिघडलेलं नाहीच. जुनी फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क, पाचशेच्या आसपास. रॅम ८ जीबी आणि डिस्कच्या जागी एसएसडी, एवढं केलं की पोरांच्या अभ्यासाला आणि ऑनलाइन फॉर्म भरायला ते मशीन झकास चालतं.

नव्याचा विचार खरा सुरू होतो बोर्डापाशी. बोर्ड गेला आणि रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची असेल तर थांबा. त्या काळच्या प्रोसेसरला आजचा बोर्ड चालत नाही, नव्या बोर्डाला ती रॅम बसत नाही. म्हणजे एक मागायला गेलात की तिन्ही घ्यावे लागतात. जुना वापरलेला बोर्ड शोधून बसवता येतो, मीही बसवून दिलेत, पण दुसऱ्याच्या घरी दहा वर्षं तापलेल्या बोर्डाची हमी मी देत नाही.

दुसरी अट विंडोजची. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथे आय५-८४०० असं काही लिहिलेलं दिसेल. डॅशनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पण तो १ असेल तर पहिले दोन. पाच आकडे असतील तरी पहिले दोन. डॅशनंतर ३ किंवा ४ ने सुरू होणारं मशीन असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर त्यात मोठा पैसा घालू नका. फक्त टायपिंग आणि गाणी-व्हिडिओ असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून देतो, त्यात मराठीही नीट टाइप होतं.

हिशोब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. गेल्या दिवाळीत जवळच्या गावातल्या एक बाई शिकवणीसाठीचा कॉम्प्युटर घेऊन आल्या. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, बोर्ड मेलेला, आणि दोन वर्षांत त्याच मशीनवर तीनदा खर्च झालेला. मी डाव्या बाजूला दुरुस्तीचा आकडा लिहिला, उजव्या बाजूला तेवढंच काम करणाऱ्या, वॉरंटीच्या रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या पण तपासून-सुधारून विकलेल्या, मशीनचा. डावा उजव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाला की मी दुरुस्ती करत नाही. मग विचारलं, "ताई, हे दुरुस्त करून दिलं तर तीन वर्षं चालेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सांगा, करू का?" त्यांनी मॉनिटर, कीबोर्ड आणि गेल्या वर्षीच टाकलेली एसएसडी ठेवली, बाकीचं बदललं. नवं घ्यायचं म्हणजे सगळंच नवं घ्यायचं, असं कुठाय?

लॅपटॉपचं गणित थोडं वेगळं. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, चार्जिंगची पिन हे सगळं बदलता येतं. चहा सांडला तर लगेच बंद करा, उलटा धरा, निघत असेल तर बॅटरी काढा. तांदळात पुरू नका, उन्हातही ठेवू नका, सरळ कारागिराकडे न्या. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर चार्जिंग तिथेच थांबवा, ते पेटू शकतं. बोर्डावरच रॅम चिकटवलेली असेल आणि ती ४ जीबी असेल, तर बोर्डाच्या दुरुस्तीत पडू नका.

दुकानदाराला तीन गोष्टी विचाराच: कोणता भाग गेला ते दाखव, काढलेला जुना भाग मला परत दे, नव्याची वॉरंटी बिलावर लिहून दे. जो दाखवायला कां-कूं करतो त्याच्याकडून डबा उचला.

जुना डबा भंगारात देण्याआधी डिस्क तेवढी काढून घ्या. तिच्या मापाच्या यूएसबी केसमध्ये घातली की पेन ड्राइव्हसारखी चालते, फक्त डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कच्या केसला वेगळा अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. त्या केळीवाल्याने वर्षभराने नवं मशीन घेतलं तेव्हा मी तेच केलं. आईच्या फोटोंची एक प्रत त्या केसमध्ये आहे, दुसरी भुसावळला बहिणीच्या घरी. आणि मीटरपाशी त्याने नवं अर्थिंग करून घेतलंय, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून. उन्हाळ्यात त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओततो.