निकालाच्या रात्री आकडा कसा तपासायचा : आफ्रिकेतल्या चर्च-मशिदींची समांतर बेरीज

झांबियात मतदान संपलं की मतपेटी कुठेही हलत नाही. त्याच शाळेच्या वर्गात, कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात ती उघडतात, एकेक मतपत्रिका उंच धरून दाखवतात आणि बेरीज एका छापील पत्रकावर उतरवतात. या पत्रकाला तिथे ‘जेन-२०’ म्हणतात. त्याची एक प्रत केंद्राबाहेर चिकटवली जाते. केनिया, मलावी, घाना इथेही मोजणी केंद्रावरच होते. फक्त पत्रकाचं नाव बदलतं, केनियात ते ‘३४-ए’.

समांतर बेरीज, म्हणजे अधिकृत निकालाचा आकडा निरीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासणं, ही सगळी पद्धत दारावरच्या त्या कागदावर उभी आहे. आपल्याकडे यंत्रं सीलबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये जातात आणि मोजणी नंतर एका ठिकाणी होते. बूथवरच्या एजंटाला मिळणाऱ्या १७-सी अर्जात एकूण मतं किती पडली तेवढंच असतं, कोणाला किती ते नसतं. त्यामुळे महाराष्ट्रात ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. ती समजून घ्यायची ती झांबिया-केनियाच्या संदर्भातच.

हिला समांतर मतमोजणी म्हणायची पद्धत पडली आहे, पण तो शब्द घात करतो. मतं कोणी दुसऱ्यांदा मोजत नाही. निवडलेल्या हजार-दीड हजार केंद्रांवरची अधिकृत पत्रकं निरीक्षक उतरवून घेतात आणि त्यांची बेरीज स्वतंत्रपणे केली जाते. आफ्रिकेत ही पद्धत १९९१ सालच्या झांबियाच्या निवडणुकीपासून वापरात आहे.

माणसं कुठून आणायची

एकाच रात्री देशाच्या कानाकोपऱ्यात माणूस उभा करू शकेल अशी यंत्रणा सरकारखेरीज बहुधा धर्मसंस्थांकडेच असते. २०१८ च्या निवडणुकीत लोकशाही प्रजासत्ताक काँगोतल्या कॅथॉलिक बिशप परिषदेने (सेन्को) सुमारे ४०,००० निरीक्षक उतरवले होते. झांबियात चार संस्थांनी मिळून ‘ख्रिश्चन चर्चेस मॉनिटरिंग ग्रुप’ चालवला : प्रोटेस्टंट चर्चची परिषद, इव्हँजेलिकलांचा संघ, कॅथॉलिक बिशपांची परिषद आणि जेझुइटांचं एक अभ्यासकेंद्र. केनियातल्या ‘एलॉग’ या गटात कॅथॉलिक न्याय व शांती आयोगाच्या जोडीला मुस्लिमांची सर्वोच्च परिषदही आहे. एकट्या पंथाने हे काम अंगावर घेऊ नये. आकडा बरोबर आला तरी ‘तो त्यांचा आकडा’ म्हणून उडवला जातो.

निरीक्षक निवडताना भक्ती नाही, तटस्थपणा पाहायचा. व्यासपीठावरून उमेदवाराला आशीर्वाद दिलेला पाद्री, पक्षाचा टी-शर्ट घालून फोटो काढलेला तरुण, उमेदवाराचा नातेवाईक, हे तिघे पहिल्याच चाळणीत बाद. शिक्षक, आरोग्यसेविका, गायनवृंदाच्या सचिव, असे रोज वहीत आकडे लिहिणारे लोक उत्तम. मलावीत लझारस चक्वेरा १९८९ पासून २०१३ पर्यंत असेंब्लीज ऑफ गॉड या ख्रिस्ती पंथाचे प्रमुख होते आणि मग राजकारणात उतरले. असा उमेदवार रिंगणात असेल तर त्याच्या पंथाचे निरीक्षक त्याच्या बालेकिल्ल्यात ठेवू नयेत, इतर जिल्ह्यांत पाठवावेत.

एक किरकोळ वाटणारी, पण दरवेळी नडणारी गोष्ट म्हणजे प्रशिक्षणाचा वार. शनिवार ठेवला की त्या दिवशी विश्रामदिन पाळणारे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती येत नाहीत, रविवार ठेवला की बाकीचे, आणि शुक्रवारी दुपारी मुस्लिम. मंगळवार-बुधवार धरा.

नमुना काढणं

बहुतेक प्रयत्न इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश.

निवडणूक आयोगाकडून मतदान केंद्रांची अंतिम यादी घ्या, मसुदा नको. एका शाळेत तीन-चार वर्गांत वेगवेगळ्या पेट्या असतील तर प्रत्येक वर्ग ही यादीतली स्वतंत्र ओळ हवी. केनियात कायद्याने एका केंद्रावर ७०० पेक्षा जास्त मतदार नसतात, म्हणून एकाच मैदानावर दहा केंद्रंही असतात. ‘शाळा’ निवडली आणि ‘वर्ग’ निवडलाच नाही, तर निरीक्षक सोयीचा वर्ग पकडतो आणि नमुना तिथेच बिघडतो.

यादी प्रांत, मतदारसंघ आणि प्रभाग या क्रमाने लावा. झांबियात २०२१ साली १२ हजारांवर केंद्रं होती. त्यातली १,००० हवी असतील तर साधारण दर बारावं केंद्र घ्यायचं. सुरुवात कुठून, हे १ ते १२ मधली एक चिठ्ठी उचलून ठरवायचं, तीही सगळ्या सदस्य संस्थांसमोर. क्रमाने लावलेल्या यादीतून अशी निवड केली की प्रत्येक प्रांताला त्याचा वाटा आपोआप मिळतो.

हजारच का, याचं गणित सोपं आहे. एखाद्या उमेदवाराची टक्केवारी केंद्रागणिक किती हलते ते पाहा. झांबिया-केनियात ती फार हलते : एका प्रांतात ९० टक्के, दुसऱ्यात ८. हा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ०.२८ धरलं तर चुकीची मर्यादा १.९६ गुणिले ०.२८ भागिले केंद्रांच्या संख्येचं वर्गमूळ (१.९६ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला गुणक). ४०० केंद्रांवर ती येते २.७ टक्के, १,००० वर १.७ आणि १,६०० वर १.४. हजारानंतर प्रत्येक दशांशासाठी खर्च भरमसाट वाढतो. त्या पैशात निरीक्षकांचं दुसरं प्रशिक्षण घेतलेलं बरं.

एकदा निवडलेलं केंद्र बदलायचं नाही. नदीला पूर आला, मोटारसायकल पंक्चर झाली, निरीक्षक आजारी पडला, तरी रस्त्यालगतचं दुसरं केंद्र घ्यायचं नाही. जिथे पोहोचणं अवघड तिथले लोक वेगळं मत देतात, हा अनुभव सगळीकडचा आहे. पोहोचता न आलेलं केंद्र ‘माहिती नाही’ म्हणून कोरं सोडा. कोरी जागा प्रामाणिक असते, बदललेलं केंद्र प्रामाणिक नसतं.

नमुन्यातली केंद्रं कोणती हे तीन-चार जणांपलीकडे कळू देऊ नका. ती लपावीत म्हणून साधे निरीक्षकही इतर केंद्रांवर ठेवावे लागतात.

मेसेज आणि त्यातली चूक

झांबियात मतदान सकाळी ६ ते संध्याकाळी ६. निरीक्षकाने पहाटे ५ ला दारात असावं. सोबत दिवसभराचं आणि रात्रीचं खाणं, पाणी, टॉर्च, जादा सेल, पॉवर बँक आणि ओळखपत्र. जेवायला बाहेर पडलेल्या निरीक्षकाच्या मागे दार बंद झालं की मोजणी गेली. पक्षांच्या प्रतिनिधींकडून चहासुद्धा घ्यायचा नाही.

दिवसात चार मेसेज पुरेत : केंद्र उघडल्याचा, दुपारचा, बंद झाल्याचा आणि निकालाचा. निकालाचा मेसेज छोट्या सांकेतिक रूपात असावा :

४०७ ए५१२ बी२३६ सी१४ डी६ आर९ टी७७७

४०७ हा केंद्राचा क्रमांक, ए ते डी उमेदवार, आर म्हणजे बाद मतं, टी म्हणजे पेटीतल्या एकूण मतपत्रिका. संगणक लगेच बेरीज करतो : ५१२, २३६, १४ आणि ६ मिळून ७६८, त्यात ९ मिळवले की ७७७. जुळलं. आता समजा बी-पुढे २६३ आलं. बेरीज ८०४ होते, फरक २७. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी शेजारचे अंक उलटे पडले आहेत का ते पाहा. जुन्या हिशेबनिसांची ही युक्ती रात्री दोन वाजता फार कामाला येते. तरी दुरुस्ती मात्र टेबलावर बसून करायची नाही. निरीक्षकाला फोन करून त्याच्याकडून पत्रक पुन्हा वाचून घ्यायचं. चूक खुद्द अधिकृत पत्रकातच असेल तर ते पत्रक आहे तसंच नोंदवायचं आणि बाजूला शेरा मारायचा.

१,००० निरीक्षकांचे चार मेसेज म्हणजे ४,००० नोंदी. फोनवर ४० जण बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ निरीक्षक येतात, इतकं जमतं. रंगीत तालीम आठवडाभर आधी घ्या. त्यात खोटे आकडे पाठवायला सांगा आणि ज्याचा मेसेज आला नाही त्याची चौकशी त्याच दिवशी करा. नेटवर्क नसलेल्या गावात निरीक्षकाला ‘सिग्नल मिळणारी टेकडी’ आधी शोधून ठेवायला सांगावं. केनियात अशा ठिकाणी बोडा-बोडावाला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाला, आधीच ठरवलेला असतो.

सगळा भार इंटरनेटवर टाकू नका. काँगोत ३० डिसेंबर २०१८ ला मतदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी इंटरनेट बंद करण्यात आलं. साधा एसएमएस, तोही न चालल्यास आवाजी फोन, आणि तोही न चालल्यास मोटारसायकलवरून कागद, असे तीन मार्ग लिहून ठेवा.

बेरजेतला घोटाळा

टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. एका केंद्रावर ७०० मतं आणि उमेदवाराला ६० टक्के, दुसऱ्यावर १०० मतं आणि २० टक्के. सरासरी ४० टक्के दिसते. प्रत्यक्षात ८०० पैकी ४४० मतं, म्हणजे ५५ टक्के. आधी सगळी मतं मिळवायची, मग भागायचं.

शहरांतले मेसेज आधी येतात. रात्री ११ ला ज्याची आघाडी दिसते, ती पहाटे ४ ला खेड्यांतले आकडे आल्यावर वितळू शकते. नमुन्यातली ९० टक्के केंद्रं येईपर्यंत, आणि उरलेली १० टक्के एकाच प्रांतातली नाहीत याची खात्री होईपर्यंत, खोलीबाहेर एकही आकडा जाऊ देऊ नये. बिशपांच्या कार्यालयालाही नाही. तिथूनच बातमी फुटते.

काय बोलायचं

केनियात ऑगस्ट २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एलॉगच्या १,००० केंद्रांच्या नमुन्यातून विल्यम रूटो यांना ५०.७ टक्के आणि रैला ओडिंगा यांना ४८.७ टक्के आले, दोन्हीकडे कमी-जास्त २.१. आयोगाचा आकडा होता ५०.४९ आणि ४८.८५. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, रूटो जिंकल्याचं सिद्ध झालं. पण नीट पाहा : रूटो ४८.६ ते ५२.८ च्या दरम्यान कुठेही असू शकतात, ओडिंगा ४६.६ ते ५०.८ च्या. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. पहिल्या फेरीत जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर दुसरी फेरी होते, आणि ती मतं मिळाली की नाही हेही या नमुन्यातून सांगता येत नाही. सांगता येतं ते इतकंच की आयोगाचा आकडा आमच्या पट्ट्यात बसतो. त्या वेळी आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालाशी फारकत घेतली होती, त्यामुळे एवढं सांगण्यालाही मोठं मोल होतं. पण पत्रकार परिषदेत याहून पुढे एक शब्द गेला तर सगळं काम मातीत. झांबियात २०१६ साली एडगर लुंगू ५०.३५ टक्क्यांवर निवडून आले. इतक्या निसटत्या फरकात हजार केंद्रांच्या नमुन्याने ‘दुसरी फेरी हवी की नको’ याचं उत्तर द्यायला जाऊच नये.

उलट टोकाची अडचण काँगोत दिसली. निकाल जाहीर करण्याचा अधिकार तिथे कायद्याने फक्त आयोगाला आहे. सेन्कोने ३ जानेवारी २०१९ ला म्हटलं की कोण जिंकलं ते आम्हाला ठाऊक आहे, पण नाव सांगितलं नाही. आयोगाने १० जानेवारीला फेलिक्स चिसेकेदी यांना विजयी घोषित केलं. आमच्या आकड्यांशी हे जुळत नाही, एवढंच सेन्को म्हणाली. नाव न घेतल्याने कायदा पाळला गेला, पण लोकांच्या हाती तपासता येईल असं काहीच आलं नाही.

म्हणून मतदानाच्या महिनाभर आधी तीन मसुदे लिहून सगळ्या संस्थांच्या सह्या घ्याव्यात : आकडा जुळला तर काय, जुळला नाही तर काय, आणि फरक इतका कमी असेल की सांगताच येत नाही तर काय. रिकाम्या जागी फक्त आकडे भरायचे. त्या रात्री भांडत बसायला वेळ नसतो, आणि दबाव आणणारे फोन सुरू झालेले असतात.

कागद सांभाळणं

आकडे जुळले म्हणजे निवडणूक कायद्याप्रमाणे झाली असं नव्हे. केनियात २०१७ साली एलॉगची बेरीज आयोगाच्या आकड्याशी जुळली होती, तरी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल पाठवण्याच्या प्रक्रियेतल्या दोषांवरून निवडणूक रद्द केली. मलावीत मे २०१९ च्या मतदानात पत्रकांवर टिपेक्स म्हणजे खोडरंग फासून आकडे बदललेले आढळले आणि ३ फेब्रुवारी २०२० ला ती निवडणूक रद्द झाली. अशा खटल्यात न्यायालय मूळ कागद मागतं.

तेव्हा दारावरच्या पत्रकाचा फोटो चारही कोपरे दिसतील असा काढा. अधिकाऱ्याची सही, पक्षप्रतिनिधींच्या सह्या आणि केंद्राचा क्रमांक एकाच चौकटीत यायला हवेत. फ्लॅशची चमक आकड्यांवर पडत असेल तर टॉर्च बाजूने धरा. केनिया आणि झांबियात अध्यक्षीय निकालाला सात दिवसांत आव्हान द्यावं लागतं. म्हणून चौथ्या दिवसापर्यंत सगळे फोटो मतदारसंघाच्या क्रमांकाने लावून, प्रत्येकासमोर निरीक्षकाचं सही केलेलं निवेदन जोडून, दोन वेगळ्या इमारतींत ठेवलेले असावेत.