वार, माज आणि पान्हा: गोठ्यातील या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड आणि भिवंडीच्या पट्ट्यात जनावरांवर उपचार करताना मला दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात. चूक नव्याने म्हैस घेणाऱ्याची असेल तर समजता येते. परंतु पिढीजात गवळ्यांच्या गोठ्यातही ती तितक्याच निष्ठेने पाळली जाते, तेव्हा वाईट वाटते.

यांत मला सर्वांत अधिक छळणारी चूक म्हणजे वार (व्याल्यानंतर बाहेर पडणारे गर्भाचे आवरण) पडेपर्यंत रेडकाला चीक (व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध) न पाजणे. वार पडण्याआधी पिल्लू प्यायले तर म्हशीला त्रास होतो, असा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. रेडकू सडाला लागले की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते. त्याने कासेतील दूध उतरते आणि त्याच वेळी गर्भाशय आकुंचन पावून वार सुटण्यास मदतच होते. शिवाय गाई-म्हशींमध्ये आईची प्रतिकारद्रव्ये गर्भातील पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत चोवीस तासांत जवळजवळ संपते.

एका पावसाळ्यात मुरबाडजवळच्या एका वाडीतून मला बोलावणे आले. नोकरी सोडून दुग्धव्यवसायात उतरलेल्या एका तरुणाने हरियाणातून आणलेली मुऱ्हा जातीची म्हैस आदल्या संध्याकाळी व्यायली होती. मी दुपारी पोहोचलो तेव्हा लोंबणाऱ्या वारेला सुतळीने अर्धी वीट बांधलेली होती आणि म्हैस पाय हलवी तेव्हा ती वीट तिच्या मागच्या पायांवर आपटत होती. शेजारच्या जाणत्यांनी सांगितले म्हणून त्याने हे केले होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून रात्रभर रेडकाला दूर बांधून ठेवले होते. रेडकाचे कान गार पडले होते आणि तोंडात बोट घातले तरी ते चोखत नव्हते. वार गर्भाशयाला ठिकठिकाणी बटणांसारखी अडकलेली असते. ती वजनाने किंवा हाताने ओढली तर तुकडे आत राहतात, आतील अस्तर फाटते आणि कधी कधी गर्भाशयच बाहेर येते. या म्हशीच्या गर्भाशयात पू झाला आणि कित्येक महिने तिने माज, म्हणजे गाभण राहण्याची तयारी, दाखवला नाही. रेडकू तिसऱ्या दिवशी हगवणीने गेले. त्या तरुणाची मेहनत प्रामाणिक होती, म्हणूनच तो प्रसंग मला अजून सलतो.

माझी पद्धत साधी आहे. रेडकाचे नाकतोंड पुसून, नाळेला आयोडीन लावून पहिल्या तासाभरातच त्याला सडाला लावावे. ते अशक्त असेल तर चीक काढून बाटलीने पाजावा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला साधारण तीन लिटर, चीक पोटात गेला पाहिजे. वारेला हात लावू नये. बारा तासांत ती पडली नाही, किंवा म्हशीचा ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तर पशुवैद्यकाला बोलवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

दुसरी मोठी चूक माज ओळखण्यातली आहे. गाय माजावर आली की दुसऱ्या गाईवर चढते, हंबरते, सगळ्या गोठ्याला कळते. म्हशीचा माज मात्र पुष्कळदा मुका असतो, उन्हाळ्यात तर अधिकच, आणि तो बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो. दिवसा दहा वाजता गोठ्यात डोकावून ‘म्हैस माजावर येतच नाही’ असे म्हणणाऱ्याने मुळात पाहिलेलेच नसते. मी स्वतः रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे धारेच्या आधी टॉर्च घेऊन म्हशींच्या मागून फिरतो. बसलेल्या म्हशीच्या शेपटीखाली जमिनीवर काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) पडलेला दिसला, लघवी थोडी थोडी होत असली आणि दूध अचानक घटले, तर शंका उरत नाही. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे (गर्भाशयात वीर्य सोडून घ्यावे), कारण अंडे माज संपल्यानंतर सुटते. म्हैस ओरडली की लगेच धावाधाव करून रेतन उरकणारे अधीर लोक पैसे आणि पुढचा माज येईपर्यंतचे एकवीस दिवस दोन्ही घालवतात.

रेतनानंतर माज दिसला नाही म्हणून म्हैस गाभण धरू नये. दोन ते तीन महिन्यांनी तपासून घ्यावी. गाईचे गाभणपणाचे दिवस सुमारे २८० आणि म्हशीचे सुमारे ३१० असतात, हा फरक विसरून भाकड काळाचा (विण्यापूर्वी दूध बंद ठेवण्याच्या दिवसांचा) हिशेब चुकवणारेही बरेच आहेत. विण्यापूर्वी दोन महिने म्हैस आटवलीच पाहिजे, म्हणजे तिची धार बंद केलीच पाहिजे. शेवटपर्यंत पिळून घेतलेले दूध पुढच्या वेतात (पुढच्या विण्यानंतरच्या दुधाच्या काळात) कमी होऊन वसूल होते.

अंगठा मुडपून धार काढू नये. सडाला आतून इजा होते. धारेनंतर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे असते, म्हणून लगेच वैरण टाकून म्हैस उभी ठेवावी. ओल्या पावसाळी गोठ्यात कासदाह (कासेला होणारी सूज) टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

रेडकू दगावलेल्या म्हशीला पान्हा यावा, म्हणजे दूध सुटावे, म्हणून रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचणाऱ्यांविषयी मला सौम्य शब्द सापडत नाहीत. म्हशीचे जवळजवळ सगळे दूध कासेच्या वरच्या सूक्ष्म पिशव्यांत असते आणि ते उतरायला तिला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो. ती घाबरली तर ॲड्रेनलिनमुळे पान्हा अडतो. इजा करणारी अशी इंजेक्शने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार गुन्हा आहेत. रोज त्याच वेळी त्याच माणसाने आंबोण (भिजवलेले खाद्य) पुढे ठेवावे, कोमट पाण्याने कास धुऊन हलक्या हाताने चोळावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. इंजेक्शनची सवय लागलेली म्हैस सुरुवातीला दूध चोरते, म्हणजे कासेत रोखून धरते. तेवढे दिवस कमी दूध सोसण्याची तयारी मालकाने ठेवावी.