राइस कुकरमध्ये क्विनोआ मोकळा कसा शिजवावा

क्विनोआ कडू लागतो आणि त्याचा लगदा होतो, या दोन तक्रारी मी सतत ऐकते. कडूपणा धुण्यातल्या आळसाचा असतो आणि लगदा पाण्याच्या मापाचा. दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत. इथे राइस कुकर म्हणजे एका बटणाचा, विजेवरचा साधा कुकर, शिट्टीचा नव्हे.

आधी धुणं. क्विनोआ मूळचा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातला. आपल्या चाकवताच्याच कुळातलं हे झाड. त्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडवट थर असतो, त्यामुळे पक्षी शेताच्या वाट्याला फारसे जात नाहीत. पाकिटावर ‘धुतलेला’ असं छापलेलं असलं तरी धुवाच. तांदळासारखं भांडं तिरकं करून पाणी ओतू नका, अर्धे दाणे सिंकमध्ये जातील, कारण दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. चहाची मोठी गाळणी किंवा मैद्याची बारीक चाळणी घ्या, नळाखाली धरा आणि बोटांनी चोळत राहा. पहिल्या पाण्याला साबणासारखा फेस येतो. फेस थांबला की एक दाणा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला नाही तर झालं. रात्रभर भिजवायचा सल्ला मात्र बाजूला ठेवा. भिजलेला दाणा किती पाणी प्यायला ते कळत नाही आणि पुढचं सगळं माप कोसळतं.

आता पाणी. बहुतेक जण अडतात ते इथेच, आणि मलाही हे सुटायला बराच काळ लागला.

कुकर आत काय शिजतंय ते ओळखत नाही. त्याला फक्त तळाचं तापमान कळतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपासच राहतो. पाणी संपलं की तापमान वर चढतं, तळाखालच्या चुंबकाची पकड सुटते आणि बटण टक्कन उडतं. म्हणजे किती वेळ शिजवायचं हे तुम्ही बटणाने नाही, पाण्याने ठरवता. पाणी जास्त घातलंत तर ते संपेपर्यंत कुकर क्विनोआ शिजवत बसणार, मग दाण्याचं काहीही होवो. म्हणूनच गॅसवर पाहून-पाहून बंद करणाऱ्याचं माप इथे चालत नाही.

‘एकाला दोन वाट्या पाणी’ हे माप जिकडेतिकडे छापलेलं असतं. राइस कुकरसाठी ते चुकीचं आहे, ठामपणे सांगते. गडबड वजन आणि वाटी यांच्यात होते. वाटीभर क्विनोआ वाटीभर पाण्यापेक्षा हलका असतो, साधारण पाऊण वजनाचा. शिवाय धुतलेला क्विनोआ चाळणीत निथळला तरी दाण्यांमध्ये बरंच पाणी धरून ठेवतो. ते पाणी मोजलंच जात नाही, वर दोन वाट्या पडतात, आणि लगदा ठरलेला.

घरात वजनकाटा असेल तर प्रश्न संपला. धुण्याआधी कोरडा क्विनोआ मोजा, समजा 200 ग्रॅम. कुकरचं रिकामं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. क्विनोआ धुऊन, निथळून त्यात घाला. मग आकडा 650 ग्रॅम होईपर्यंत पाणी ओता. म्हणजे कोरड्या वजनाच्या सव्वादोन पट पाणी झालं, चिकटलेल्या ओलाव्यासकट. निथळायला दोन मिनिटं दिली की दहा, याने मग काही फरक पडत नाही.

काटा नसेल तर चाळणी पाच मिनिटं तिरकी ठेवा, खालून दोन-चार टिचक्या मारा, आणि एक वाटी कोरड्या क्विनोआला दीड वाटीपेक्षा थोडं कमी पाणी घ्या. वाटी दोन्हीसाठी तीच. भांड्यावरच्या रेषांकडे बघू नका, त्या तांदळासाठी आखलेल्या असतात. लाल किंवा काळा क्विनोआ असेल तर वाटीमागे दोन चमचे पाणी वाढवा. तो शिजूनही दाताखाली थोडा कुरकुरीत राहतो, त्याला कच्चा समजू नका.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. मोठ्या कुकरमध्ये अर्धीच वाटी टाकू नका. तळाला पातळ थर पसरतो, पाणी लवकर उडतं आणि दाणा कच्चा राहून बटण वर येतं. थोडासाच हवा असेल तर एक वाटी शिजवून उरलेला ठेवा.

मीठ आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलाने फेस दबतो आणि झाकणाच्या भोकातून उतू जात नाही. झाकण लावा, बटण दाबा.

बटण वर आल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. वरचे दाणे ओलसर असतात, खालचे कोरडे. या दहा मिनिटांत वाफ सगळीकडे सारखी मुरते. लगेच उघडून ‘अजून ओला आहे’ म्हणत पुन्हा बटण दाबलंत तर तळाला खरपूड धरेल, वरचा मात्र तसाच राहील. नंतर जेवणाच्या काट्याने हलकेच मोकळा करा, डावाने ढवळू नका. दाण्याभोवती पांढरी शेपटीसारखी कडी सुटलेली दिसली की नीट शिजलाय. तो अंकुर असतो, कीड नव्हे.

‘वॉर्म’वर तासन्‌तास ठेवू नका, तळ कडक होतो. काढून ताटात पसरा. गार झाला की डब्यात भरून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. फोडणीसाठी तर हा गार क्विनोआच घ्यावा. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे तडतडले की त्यावर टाका, वर लिंबू पिळा. ताज्या गरम क्विनोआसारखा तो कढईला चिकटत नाही.